खिडक्या बसवणारा कसा निवडायचा?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

हातातली कामं आटपून बसला असाल, काहीजणी भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल. आज आपण खिडकीबद्दल बोलणार आहोत. खिडकीला नवी झडप, सरकती काच, जाळी किंवा ग्रील बसवून घ्यायचं असेल, तर ते काम कोणाला द्यायचं, भाव कसा ठरवायचा, पैसे कधी द्यायचे आणि काम बिघडलं तर दाद कुठे मागायची, असा सगळा विषय आहे.

तुम्ही म्हणाल, खिडकीत एवढं बोलण्यासारखं काय? पण घर बांधताना पैसा संपत येतो तो नेमका खिडक्या-दारांच्या वेळी. पाया, भिंती, स्लॅब किंवा पत्रा होईपर्यंत हात रिकामा होतो. मग खिडकीच्या भोकावर गोणपाट नाहीतर ताडपत्री लागते आणि वर्ष-दोन वर्षं तशीच राहते. त्या उघड्या भोकातून पाऊस येतो, डास येतात, पावसाळ्यात साप-विंचू येतो. आई-बाप शेतावर गेले की घरात एकटी राहणारी मुलगी दिवसभर जीव मुठीत धरून बसते. शेवटी बचत गटातून कर्ज काढून आपण खिडक्या करायला घेतो. ते कर्जाचे पैसे वाया जाऊ नयेत, म्हणून हे बोलणं.

आधी आपली गरज ठरवा

दुकानात जाण्याआधी घरात एक चक्कर मारा. प्रत्येक खिडकीसमोर उभं राहून विचारा, ही खिडकी मला कशासाठी हवी आहे? उजेडासाठी, वाऱ्यासाठी, चुलीचा धूर बाहेर जाण्यासाठी, की चोराचिलटापासून राखण म्हणून? एकच माल सगळ्या खिडक्यांना लावायचा असा काही नियम नाही.

आपल्या राज्यात हवा सगळीकडे सारखी नाही. कोकणात पाऊस तिरका मारतो आणि समुद्राकाठी हवेत खार असतो. तिथे साधं लोखंड दोन पावसाळ्यांतच तांबडं पडायला लागतं. विदर्भात, मराठवाड्यात प्रश्न उन्हाचा. पश्चिमेच्या खिडकीला नुसती मोठी काच लावली, तर दुपारनंतर खोलीची भट्टी होते. ऊन काचेतून आत शिरलं की आतल्या पडद्याने ते बाहेर जात नाही. पडदाच तापतो आणि खोली तापवतो. म्हणून ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं. वर छज्जा हवा, किंवा बाहेरून लाकडी झडप, चटई, पट्ट्यांचा आडोसा. घाटमाथ्याच्या पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यात, धूळ आणि वारा जास्त. तिथे फट राहिली की भांड्यांवर रोज थर बसतो.

खिडकी केवढी असावी, याचंही गणित आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत म्हटलंय की कोरड्या उष्ण हवेच्या भागात, दार सोडून, खोलीच्या जमिनीच्या किमान एक दशांश एवढी उघडी जागा हवी. दमट उष्ण भागात ती एक षष्ठांश हवी. आता हिशेब करा. तुमची खोली १० फूट बाय १२ फूट म्हणजे १२० चौरस फूट. कोरड्या भागात तिला निदान १२ चौरस फूट खिडकी लागेल, म्हणजे ४ बाय ३ ची एक. दमट भागात २० चौरस फूट, म्हणजे बहुधा दोन खिडक्या. त्या समोरासमोरच्या भिंतीत असतील तर वारा आरपार खेळतो.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. सरकती खिडकी, म्हणजे स्लायडिंग, एका वेळी अर्धीच उघडते. एक काच दुसरीच्या मागे जाते आणि अर्धी जागा काचेनेच व्यापलेली राहते. बिजागरीवर उघडणारी खिडकी पूर्ण उघडते. स्वयंपाकघरात चूल असेल तर तिथे बिजागरीचीच बरी. पलंगाजवळ किंवा जाण्या-येण्याच्या वाटेवर पल्ला डोक्याला लागत असेल, तिथे सरकती बरी.

कोणता माल, कोणाकडे

गावात आणि तालुक्याला हे काम करणारे चार प्रकारचे लोक भेटतात.

पहिला आपला सुतार. लाकडी चौकट आणि झडप तोच करणार. लाकूड तापत नाही, मोडलं तर दुरुस्त होतं आणि सुतार गावातच असतो. पण लाकूड नीट वाळलेलं हवं. ओलं लाकूड वापरलं की उन्हाळ्यात फट पडते आणि पावसाळ्यात झडप फुगून बसते, मग ती लागता लागत नाही. सागवान म्हणून दाखवलं तरी बाहेरचं पांढरट लाकूड किती आणि आतलं तपकिरी किती, ते पाहा. वाळवी आधी पांढऱ्या भागाला धरते. आणि रंग देताना झडपेची खालची कड विसरू देऊ नका. ती कोणाला दिसत नाही म्हणून कोरी राहते आणि तिथूनच पाणी शोषते.

दुसरा वेल्डिंगवाला, ग्रीलवाला. लोखंड मजबूत, पण त्याचा शत्रू गंज. बरेच जण तांबडा प्रायमर मारून ग्रील आणून उभी करतात आणि ‘रंग तुम्ही मारा’ म्हणून निघून जातात. नुसता प्रायमर हा रंग नव्हे. त्यावर ऑइलपेंटचे दोन हात हवेत, आणि वेल्डिंगचे सांधे आधी घासून साफ करायला हवेत. हे कोण करणार, ते आधीच ठरवा.

तिसरा अ‍ॅल्युमिनियमवाला. हा माल हलका, लाल गंज चढत नाही, सरकत्या खिडकीला सोयीचा. पण त्याच्या पट्टीची जाडी फार वेगवेगळी असते. पातळ पट्टीची खिडकी वाऱ्याने थडथडते आणि रोलर लवकर उतरतो. समुद्राकाठी असाल तर वरच्या पावडर कोटिंगबद्दल मुद्दाम विचारा, कारण खारी हवा अ‍ॅल्युमिनियमलाही खाते.

चौथा यूपीव्हीसीचा विक्रेता. हे एक प्रकारचं टणक प्लास्टिक. गंज नाही, वाळवी नाही, आवाज आणि धूळ कमी येते. पण मोठ्या खिडकीच्या चौकटीत आतून लोखंडी पट्टी घालावी लागते, नाहीतर ती वाकते. पट्टी आत आहे का हे ओळखायचं असेल तर जुन्या स्पीकरमधलं चुंबक चौकटीला लावा. आत लोखंड असेल तर ओढ जाणवते.

आता एक महत्त्वाची गोष्ट. मोठ्या कंपनीचं नाव सांगून माल विकला जातो, तेव्हा बहुतेक वेळा ती कंपनी फक्त पट्ट्या बनवते. खिडकी कापून जोडणारा आणि भिंतीत बसवणारा माणूस वेगळा असतो. म्हणून हमी दोन असतात, एक मालाची आणि दुसरी बसवण्याची. ‘दहा वर्षं गॅरंटी’ असं कोणी म्हटलं की लगेच विचारा, कशाची? पट्टीच्या रंगाची, काचेची, रोलरची, की पाणी आत न येण्याची? आणि ती देणार कोण, कंपनी की तुम्ही? खिडकीतून पाणी गळतं ते बहुतेक बसवण्यातल्या चुकीमुळे. तेव्हा कंपनीचं नाव मोठं असलं तरी निवड शेवटी बसवणाऱ्या माणसाची असते.

माप आपणही घ्या

माप घ्यायला तो माणूस येईल, पण त्याच्या आधी आपण टेप घेऊन माप घ्या. दहावीतल्या मुलीला सोबत घ्या, तिचाही गणिताचा सराव होईल. गिलावा झाल्यावरच अंतिम माप घ्यायचं. रुंदी तीन ठिकाणी मोजा: वर, मध्ये, खाली. उंचीही तीन ठिकाणी. तिन्हींत जे सगळ्यात कमी ते खरं माप. मग कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपं मोजा, दोन्ही बाजूंनी. दोन्ही माप सारखं आलं तर खिडकीचं भोक काटकोनात आहे. फरक आला तर ते गवंड्याला आत्ताच दाखवा, खिडकी तयार होऊन आल्यावर नको.

हे लोक इंच आणि सुतात बोलतात. १ इंच म्हणजे ८ सूत. पैशाचा हिशेब मात्र चौरस फुटात होतो आणि गोंधळ तिथेच होतो. समजा तुमची खिडकी ३ फूट १० इंच बाय ३ फूट २ इंच आहे. इंचात ४६ बाय ३८, म्हणजे १,७४८ चौरस इंच. त्याला १४४ ने भागलं की १२.१४ चौरस फूट. पण काही जण माप वर ओढून ४ फूट बाय साडेतीन फूट धरतात, म्हणजे १४ चौरस फूट. एका खिडकीमागे जवळपास २ फूट जास्त. दर समजा ४०० रुपये असेल, तर खिडकीमागे सातशेहून जास्त रुपये आणि पाच खिडक्यांचे साडेतीन हजारांवर. माप वर धरण्याची पद्धत असेल तर असू दे, पण ती आधी सांगायला हवी, म्हणजे आपण दर ठरवताना ती लक्षात घेऊ.

तीन ठिकाणचे भाव, एकाच यादीवर

निदान तीन जणांकडून लेखी भाव मागा. त्याला कोटेशन म्हणतात. तोंडी भाव कितीही गोड असला तरी तो वाऱ्यावर जातो. आणि तिघांना एकच यादी द्या. एकाला जाळीसकट विचारलं आणि दुसऱ्याला जाळीशिवाय, तर तुलना कशी होणार?

यादीत हे असू द्या: माल कोणता, पट्टी किती मिलीमीटर जाड, काच किती मिलीमीटर, जाळी कोणती, गज केवढा, कडी-बिजागरी-रोलर कोणते, रंग किंवा कोटिंग, वाहतूक, बसवण्याची मजुरी, भिंतीच्या फटी भरणं, फुटलेला गिलावा दुरुस्त करणं आणि जीएसटी.

कमी दराने कसं फसायला होतं बघा. आकडे समजण्यासाठी घेतलेत, बाजारभाव म्हणून धरू नका. खिडकी ४ बाय ३, म्हणजे १२ चौरस फूट. पहिल्याचा दर फुटाला ३८० रुपये, एकूण ४,५६०. वरून जाळीचे ६००, बसवण्याचे ४००, टेम्पोचे ३००. झाले ५,८६० रुपये. दुसऱ्याचा दर ४५० रुपये, पण सगळं धरून. त्याचे झाले ५,४००. फुटाचा दर ऐकून आपण पहिल्याकडे गेलो असतो आणि ४६० रुपये जास्त देऊन बसलो असतो. म्हणून ‘फुटाला किती’ विचारून थांबू नका. ‘खिडकी बसून, पुसून, माझ्या हातात येईपर्यंत एकूण किती’ असं विचारा.

ग्रीलची गोष्ट वेगळी. तिथे मालाची किंमत वजनावर असते. १० मिलीमीटरचा चौकोनी भरीव गज मीटरला सुमारे ७८५ ग्रॅम भरतो आणि १२ मिलीमीटरचा सुमारे १ किलो १३० ग्रॅम. डोळ्याला फरक एवढासाच दिसतो, पण लोखंड ४४ टक्के जास्त लागतं. म्हणून एकाने १० चा गज धरला आणि दुसऱ्याने १२ चा, तर पहिला स्वस्त दिसणारच. भाव किलोवर ठरला असेल तर ग्रील आपल्यासमोर काट्यावर चढवायला सांगा, आणि रंग मारायच्या आधी. दोन गजांमध्ये चार इंचांपेक्षा जास्त जागा नको, म्हणजे लहान मुलाचं डोकं अडकणार नाही.

आणखी एक सांगते, हे जिवाचं आहे. घरातल्या सगळ्या ग्रील कायमच्या बंद करू नका. निदान एका खिडकीच्या ग्रीलला आतून उघडणारा भाग ठेवा. सिलिंडरचा भडका उडाला आणि दाराची वाट बंद झाली, तर बाहेर पडायला ती एक जागा लागते. तिला कुलूप लावा, पण किल्ली तिथेच आतल्या बाजूला, मुलांनाही माहीत असलेल्या खिळ्यावर अडकवा. बाहेरून हात घालून पोहोचता येणार नाही एवढ्या अंतरावर.

जाळी वगळून पैसे वाचवू नका. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणजे खिडकी उघडी असते तेव्हाच. सरकत्या खिडकीत जाळी हवी असेल तर तीन पट्ट्यांचा रूळ लागतो, दोन काचांचे आणि एक जाळीचा. दोनचा रूळ एकदा बसला की जाळी नंतर बसवणं अवघड जातं. चुलीजवळ नायलॉनची जाळी नको, उष्णतेने ती वितळते. तिथे धातूची घ्या.

काच कमी उंचीवर असेल, मुलं खेळताना आदळतील अशी, तर टफन काचेचा भाव विचारा. साधी काच फुटली की सुऱ्यासारखे तुकडे होतात, टफनचे बारीक दाणे होतात. मात्र टफन काच तयार झाल्यावर कापता येत नाही, म्हणून तिचं माप अगदी नेमकं लागतं.

जुनं काम बघून या

मोबाइलमधले फोटो सगळ्यांचेच सुंदर असतात. त्यावर जाऊ नका. ‘दोन पावसाळे झालेली तुमची तीन कामं दाखवा’ असं सांगा. जो पत्ते द्यायला टाळाटाळ करेल, त्याला राम राम.

तिथे गेल्यावर घरातल्या बाईशी बोला, कारण खिडकी रोज उघडते ती. पाऊस आत येतो का? पल्ला खाली लोंबतो का? जाळीच्या कोपऱ्यात फट आहे का? सरकत्या खिडकीच्या खालच्या रुळाला पाणी बाहेर जायची भोकं आहेत का? ती नसतील तर रुळात साचलेलं पाणी घरातच उतरतं. खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूने उतार आहे का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, तक्रार केल्यावर हा माणूस परत आला का, आणि किती दिवसांनी?

एका गावात गटातल्या बायकांनी असं केलं होतं. तिघींनी मिळून तीन घरं पाहिली. सगळ्यात स्वस्त भाव देणाऱ्याच्या दोन घरांत खिडकीखालची भिंत ओली निघाली. त्याच्याहून थोडा महाग असलेल्या माणसाबद्दल एका आजी म्हणाल्या, ‘रोलर उतरला तेव्हा बोलावल्याबरोबर आला बाबा.’ काम त्याला मिळालं. एका दुपारच्या पायपिटीत एवढं कळतं.

‘घरात माणूस कोणी आहे का?’

माप घ्यायला आलेला माणूस बऱ्याचदा दारातूनच हे विचारतो. म्हणजे त्याला पुरुषाशी बोलायचं असतं. मैत्रिणींनो, उत्तर सरळ द्या, ‘मी आहे ना. काय बोलायचं ते माझ्याशी बोला.’ कर्ज आपल्या नावावर, हप्ता आपण भरणार, मग व्यवहारही आपण करायचा. नमुना ८ चा उतारा काढून बघा, त्यावर तुमचं नाव लागलं आहे का. नसेल तर तेही काम ग्रामपंचायतीत मार्गी लावा.

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमधून घर मिळालं असेल, तर ते बाईच्या नावावर किंवा नवरा-बायकोच्या जोड नावावर देण्याची पद्धत आहे. सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ-दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपयांचं साहाय्य कामाच्या टप्प्याप्रमाणे थेट खात्यात येतं. घर लाभार्थीने स्वतः बांधायचं असतं. ठेकेदार लादता येत नाही. म्हणून ‘खिडक्या अमक्याकडूनच घ्याव्या लागतात’ असं कोणी सांगितलं, तर ‘तसं लेखी द्या’ म्हणा. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

आणि कोणी दारावर येऊन ‘आजच्या दिवसापुरता भाव, आता ॲडव्हान्स द्या’ म्हणालं, तर त्याला पाणी द्या, पण पैसे नका देऊ. चांगल्या माणसाचा भाव चार दिवस थांबतो.

पैसे टप्प्याने, कागद आधी

सगळे पैसे आधी दिले की काम आपल्या हातून गेलं. समजा एकूण ३०,००० रुपये ठरले. ऑर्डर देताना ९,०००. माल घरी आल्यावर, यादीप्रमाणे तपासून १२,०००. बसवून, पाण्याची परीक्षा झाल्यावर ६,०००. आणि शेवटचे ३,००० पंधरा दिवस वापरून पाहिल्यावर. हे शेवटचे ३,००० आपल्याकडे असले की फोन उचलला जातो.

उशिराची किंमतही बोला. गटाचं कर्ज महिन्याला शेकडा २ रुपयांनी घेतलं असेल, तर ३०,००० वर महिन्याला ६०० रुपये व्याज. काम पंधरा दिवस लांबलं तर ३०० रुपये आपल्या खिशातून जातात आणि खिडकी नाहीच. म्हणून तारीख लिहून घ्या.

कागद साध्या वहीचा चालेल. त्यावर असं लिहा: ‘आम्ही, अमुक दुकानदार, सौ./श्रीमती अमुक यांच्या घरी सोबतच्या यादीप्रमाणे पाच खिडक्या, बसवणुकीसह, एकूण इतक्या रुपयांत, या तारखेपर्यंत करून देऊ. पैसे पुढील टप्प्यांनी घेऊ. बसवल्यापासून इतक्या महिन्यांत पाणी गळाल्यास, पल्ला उतरल्यास किंवा रोलर बिघडल्यास विनामूल्य दुरुस्त करू.’ खाली दोघांच्या सह्या, तारीख, दुकानाचा शिक्का. पट्टीचा एक कापलेला तुकडा नमुना म्हणून मागून घ्या आणि त्यावर त्याची सही घ्या. माल आल्यावर तुकडा शेजारी धरून बघता येतो.

पैसे रोख दिले तर पावती, यूपीआयने दिले तर दुकानाच्याच खात्यावर आणि त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. ‘बिल नको, स्वस्तात देतो’ या बोलण्याला भुलू नका. बिलाशिवाय हमी कोणाला दाखवणार?

बसवायच्या दिवशी

त्या दिवशी घरी थांबा. आधी माल मोजा, काचांना तडे नाहीत ना बघा. चौकट भिंतीत ठेवली की लेव्हल लावायला सांगा. स्क्रू सगळ्या भोकांत घातलेत का मोजा. चौकट आणि भिंत यांमधली फट बाहेरून पूर्ण भरायला हवी, नुसती आतून नव्हे. अ‍ॅल्युमिनियमवर ओलं सिमेंट सांडलं तर लगेच पुसा, त्याचे डाग जात नाहीत. रंगकाम होईपर्यंत वरचा चिकट कागद राहू द्या, मात्र मग लगेच काढा. उन्हात राहिला तर तो चिकटून बसतो.

मग पाण्याची परीक्षा. माणूस जायच्या आधी बाहेरून दोन-तीन बादल्या पाणी खिडकीवर टाका, खालून सुरुवात करून वर जा. दहा मिनिटं थांबा. आत हात फिरवून बघा. पल्ला वीस वेळा उघडा, लावा. कडी म्हाताऱ्या सासूबाईंच्या हाताने लागते का तेही पाहा. समाधान झालं तरच पुढचा हप्ता.

काम बिघडलं तर

आधी फोटो आणि तारखेसह व्हॉट्सॲपवर कळवा. गोड बोलून झालं नाही, तर पत्र लिहा आणि पोस्टाने पोच मागून पाठवा. तरी दाद नाही मिळाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा.

पुढचा टप्पा जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. त्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दुकान कुठल्याही जिल्ह्यात असो. घेतलेल्या मालाची किंवा सेवेची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करायला हवी. वाईट बसवणूक हीसुद्धा सेवेतली त्रुटी धरली जाते. आणि तिथे आपल्या बाजूने बोलतात ते कागद, म्हणजे कोटेशन, करार, पावती, फोटो.

मिळून घेतलं तर

मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करत आली आहे. शेजारपाजारची कुटुंबं गट करून एकत्र खरेदी करतात. आपले बचत गट तर आधीच तयार आहेत. वाडीतल्या पाच-सहा घरांना खिडक्या करायच्या असतील तर एकत्र भाव मागा. टेम्पोचं भाडं वाटलं जातं, दर कमी होतो, आणि सहा घरांचं काम हातचं जाईल या भीतीने माणूस नीट वागतो. पण माप प्रत्येक घराचं वेगळं, कागद वेगळा, पावती वेगळी. एकीचे पैसे दुसरीच्या नावावर नकोत. मैत्री टिकवायची तर हिशेब चोख हवा.

तर मैत्रिणींनो, पुढच्या गटाच्या बैठकीत एवढं करा. कोणाकोणाच्या घरी खिडक्या बाकी आहेत त्यांची नावं लिहा. एक टेप आणा आणि एका खिडकीचं माप सगळ्यांनी मिळून घ्या. आज सांगितलेली यादी मोठ्या अक्षरात कागदावर उतरवा. दोघींवर जुनी कामं बघून येण्याची जबाबदारी टाका. गोणपाट काढायचा दिवस ठरवूनच बैठक संपवा.